वळ उठता कामा नये

त्या सालगड्याचं प्रकरण आठवलं की आजही माझं टाळकं सरकतं. सत्तरच्या दशकात मी परभणी जिल्ह्यात फौजदार होतो. अमली पदार्थ रोखण्यासाठी एका परदेशी सरकारची मदत येत होती आणि तिच्यातून आमच्या ठाण्याला जीप मिळणार होती. तोवर आमची गस्त सायकलवर, नाहीतर एसटीनं.

जीप द्यायला पाहुणे येणार, त्याच्या आदल्या दिवशी खबर मिळाली, की मानवतच्या बाजाराला निघालेल्या ज्वारीच्या बैलगाडीत गांजा आहे. नाकाबंदी केली, गाडी अडवली, पंचांसमोर पोती उसवली. एका पोत्यात ज्वारीच्या मधोमध गांजा निघाला. गाडी हाकणारा सालगडी चाळिशीचा, बौद्ध समाजातला. त्याला अटक केली. गाडीचा मालक म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. तो दुपारीच ठाण्यात येऊन सांगून गेला, की पोती सालगड्यानंच कोठीतून भरली, आपल्याला काही ठाऊक नाही.

सालगडी मात्र एकच सांगत होता, "साहेब, मी गाडी अंगणात लावतो. पोती मालकाचा पोरगा आतून आणून टाकतो. आमाला आत जायचं न्हाई."

खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो, असा माझा अनुभव. हा तेवढंच बोलत राहिला. पण मालकाच्या शब्दापुढं त्याचा शब्द कोण धरणार? गांजाच्या गुन्ह्यात तो सरळ तुरुंगात गेला असता.

संध्याकाळी वरिष्ठ साहेब आले. त्यांना पाहुण्यांसमोर कबुली हवी होती. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण मदतीचं चीज झालेलं दाखवायचं होतं ना! त्यात पाहुण्यांच्या देशात म्हणे लोक विचारायला लागले होते, की आपली मदत घेणारे पोलीस कैद्यांना मारतात का. म्हणून साहेबांनी वर बजावलं, "वळ उठता कामा नये."

मी म्हणालो, "साहेब, मी त्याला हात लावणार नाही आणि कुणाला लावू देणार नाही."

त्यांनी मला माझ्या नोकरीची आठवण करून दिली. मी कोठडीची किल्ली खिशात टाकली.

सकाळी पाहुणा आला, सोबत दुभाषी. मी मालकाला जबाबासाठी बोलावून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं, पोती कुणी भरली? त्यानं सालगड्याकडं बोट केलं. मग मी सहज म्हणालो, म्हणजे हा तुमच्या कोठीत येत-जात असणार, घरच्या धान्याला हात लावत असणार. चांगलं आहे, तुमच्याकडं शिवाशीव पाळत नाहीत म्हणायचं.

मालक भडकला. "ह्याला? आमच्या कोठीत? अवो साहेब, उंबऱ्यावर ह्याची सावली पडू देत न्हाई आमी. किल्ली माझ्या कमरंला असती."

बोलून गेला आणि त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. लगेच घराची झडती घेतली. कोठीत उरलेला गांजा सापडला.

जायच्या आधी पाहुण्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, इथे आरोपींना मारतात का? साहेब म्हणाले, कधीच नाही. मी म्हणालो, "मारतात. कालही हुकूम होता, फक्त वळ उठू द्यायचे नव्हते." दुभाषी साहेबांकडं बघत राहिला. तेव्हा मीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत तेच सांगितलं. पाहुण्याला नीट कळलं. त्यानं मान खाली घातली, चहा संपवला आणि गांजा एकूण किती सापडला ते विचारलं.

जीप दुसऱ्या ठाण्याला गेली. माझी बदली झाली. मालकावर खटला भरला गेला. सुटताना सालगडी मला म्हणाला, "साहेब, त्येंच्या शिवाशिवीनं जल्मभर लय मारलं आमाला. आज तिनंच वाचवलं."

मी शिकलो ते एवढंच, की देणाऱ्याला मोजायला गांजा हवा असतो, घेणाऱ्याला जीप हवी असते, आणि मधल्या माणसाच्या पाठीची काळजी दोघांनाही फक्त वळ दिसला तर. ती पाठ ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच नाही म्हणायचं असतं. मी म्हटलं, आणि पुढंही म्हणत राहिलो. नव्या ठाण्यातही मला सायकलच मिळाली. कोठडीची किल्ली मात्र माझ्याच खिशात असायची.