जोडीचं पान

ताई बाइंडिंगच्या दुकानात बत्तीस वर्षं होती. काम जुजबंदीचं, म्हणजे कागद मधोमध दुमडून घड्या करायच्या आणि एकेक घडी दोऱ्यानं शिवायची. बोटं कायम खळीनं पांढरी. धाकटी बहीण म्हणायची, "कपाळाला हात लावू नकोस, तिथंच चिकटेल."

गिऱ्हाईक यायचं, "बाई, एकच पान सुटलंय, वरनं चिकटवून द्या."

"एकच पान कधी सुटत नसतं. दोन पानं एकाच कागदाची असतात. हे इथं सुटलं म्हणजे जोडीचं पुढं कुठंतरी सुटलंय. पुस्तक उघडावं लागेल."

वरनं खळ फासणाऱ्याला ती बाइंडर मानायचीच नाही.

आणि पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर हिच्या अंगावरून जायला लागलं, तेव्हा हिनं काय केलं, तर औषधाच्या दुकानातनं गोळी आणली. थांबलं. परत गेलं, परत गोळी. असे आठ महिने काढले.

शेवटी धाकटीनं ओढतच दवाखान्यात नेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. एक विषाणू असतो, पुष्कळ जणींच्या शरीरात शिरतो आणि आपोआप जातो. तुमच्यात वर्षानुवर्षं राहिला. त्यानं पेशींचा ब्रेक काढला, त्या वाढत सुटल्या. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते कमी झालं. मग सुट्या पेशींनी खालचा पडदा तोडला."

"तोडला कशानं?"

"त्याच तसा रस सोडतात. पडदा विरघळतो, त्या बाहेर पडतात."

ताईनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "जोडीचं पान कुठंय ते दाखवा."

बाईंना कळेना. धाकटीनं समजावलं. तेव्हा त्यांनी स्कॅनच्या फोटोवर बोट ठेवलं. ओटीपोटातल्या गाठी. मग बोट वर सरकवलं. फुफ्फुसात पण.

"आधी नसतं का कळलं?" धाकटीनं विचारलं.

"कळतं की. पाच मिनिटांची तपासणी असते."

ताई वळली. "तू केलीस?"

"मला काय होतंय?"

"मला तरी काय होत होतं."

ताई हटून बसली. आधी धाकटीची तपासणी, मगच माझी केमोची सलाईन. धाकटी चिडली, "आजारी तू आणि दम मला?"

"थोरली आहे, देणारच."

धाकटीची तपासणी झाली, तुकडा काढून बघितला. पेशी बदलायला लागल्या होत्या. पण पडदा शाबूत होता.

"धरून आहे ना अजून?" ताईनं दोनदा विचारलं.

"धरून आहे."

"मग लावा मला सुई."

ताई सात महिन्यांनी गेली. पण धाकटीचा तेवढा भाग काढला त्या दिवशी ती आली होती. अर्ध्या तासाचं काम. डोक्यावरचे केस गेलेले, हाताला सलाईनची पट्टी, बाहेरच्या बाकावर ताठ बसून होती. नर्सनं विचारलं, "पेशंट तुम्ही का?"

"नाही," ताई म्हणाली. "मी हिच्या बरोबर आलेय."