भोपळ्याला दाखवलेलं बोट

फुकट शिकवणाऱ्या माणसाला एक माज असतो. पगार घेत नाही म्हणजे आपलं काही चुकूच शकत नाही, असं त्याला वाटतं. मला तो माज भरपूर होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर नायगावच्या फ्लॅटमध्ये भिंती बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी दर रविवारी वसईच्या एका वाडीत मुलांना बागकाम शिकवायला जाऊ लागले. वाडीच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी कडेचा एक तुकडा मुलांसाठी मोकळा ठेवला होता, फाटकावर ‘कम्युनिटी फार्म’ अशी पाटी होती. माझ्याकडे बारा मुलं आणि चाळीस वर्षांपूर्वीची वनस्पतिशास्त्राची पदवी. ती पदवी मी दर रविवारी एकदा तरी त्यांच्या तोंडावर मारायचे.

त्यातली एक मुलगी आमच्याच इमारतीतली, नवव्या मजल्यावरची. वय नऊ. वडील सातिवलीच्या कारखान्यात, आई पार्लरमध्ये, त्यामुळे आईला रविवारी सुट्टी नसे. खरं सांगते, मला ती मुलगी आवडत नव्हती. फार प्रश्न विचारायची, आणि उत्तर देईपर्यंत टक लावून बघत राहायची.

लाल भोपळ्याच्या वेलीवर कळ्या आल्या. काही कळ्यांच्या मागे गोटीएवढे भोपळे दिसत होते. तिने ते मोजले, एकेकाकडे बोट दाखवून. अकरा. दोन आठवड्यांनी पालकांना बोलावलं होतं, आणि त्या दिवशी तिची आई सुट्टी काढून येणार होती. तोवर एक तरी नारळाएवढा होईल, तो आईला दाखवीन, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

बाकीची मुलं तिच्यावर तुटून पडली. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, हे त्यांना घरोघरी सांगितलेलं होतं. मी सगळ्यांना गप्प केलं. झाडाला डोळे नसतात, असल्या भाकड गोष्टी माझ्या वर्गात चालणार नाहीत, असं सुनावलं. ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मग मी शहाणपणा केला. ज्या फुलांमागे भोपळा नाही ती नुसती खाणारी तोंडं, वेलीची ताकद फुकट जाते, असं सांगून मी मुलांकडून ती सगळी खुडून घेतली, कळ्यांसकट. पुढे रोज सकाळी मी स्वतः जाऊन उरलेली खुडायचे आणि घरी त्यांची भजी करायचे. पहिल्या दिवशी फुलं खुडताना मुलीने विचारलं होतं, बिनकामाची असतील तर वेल ही फुलं धरतेच कशाला? भजीसाठी, मी म्हटलं. मुलं हसली. मी विषय संपवला.

पालक आले त्या रविवारी वेलीवर एकही भोपळा नव्हता. अकराच्या अकरा पिवळे पडून, मऊ होऊन गळाले होते. मी पालकांसाठी त्याच फुलांची भजी डब्यातून नेली होती. डबा उघडताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पराग असणारी सगळी नर फुलं आपण तळून खाल्ली, मग परागाशिवाय भोपळे धरणार कसे? कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ते.

तेवढ्यात मालकीणबाई काठी टेकत आल्या, वेल बघितली आणि म्हणाल्या, “कोनी बोट दाखवलंय? कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं का तो कुजनारच.”

अकरा मुलांनी त्या एकटीकडे बोट दाखवलं. तिची आई कसनुसं हसली. मुलगी रडली नाही, तिने फक्त माझ्याकडे बघितलं. झाडाला डोळे नसतात हे मी सांगेन, एवढीच तिची अपेक्षा होती. तीन शब्दांचं काम. पण समोर पालक होते, हातात भज्यांचा डबा होता, आणि मला अब्रू प्यारी होती.

“पुढच्या वेळी बोट मुठीत ठेव,” मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि भजी वाटली.

त्यानंतर ती दोनच रविवार आली. दोन्ही वेळा वेलीपासून लांब उभी राहिली, मुठी आवळून. मी तिला झारी भरायच्या कामाला लावलं, कारण तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं. मग ती यायची बंद झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहूनच टाकते. मी फुलं खुडणं थांबवलं, कुणाला कारण सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ती मला लिफ्टमध्ये भेटली. दप्तर पाठीवर, एकटीच. तिने नऊचं बटण वळलेल्या मुठीने दाबलं.

“आंटी, आता पण कुजतात का?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “सात धरलेत. चांगले मोठे झालेत.” हे खरंच होतं.

तिचा चेहरा उजळला. “मग मी येत नाही तेच बरं आहे,” ती म्हणाली.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती. अजून सहा मजले माझ्याकडे होते. मी वरचे आकडे बदलताना बघत राहिले. नववा आला, ती उतरली, आणि मला हात हलवून टाटा केला. तेव्हाही मूठ मिटलेलीच होती.