दुसरी खाच

आमच्या घरात आधी पत्रक छापलं जातं, मग काम सुरू होतं. बाबा सभेची पत्रकं वाटून झाली की सभेसाठी जागा शोधायला निघायचे. अक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे दगडाची हत्यारं घडवायला शिकू लागले, तेव्हा मीही आधी पत्रकच लिहिलं: रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या मैदानात या, बाणाचं दगडी टोक तुमच्या डोळ्यांदेखत घडवू, त्याला दोन खाचा पाडू, माणसाची ही सगळ्यात जुनी कारागिरी कुणाच्या मालकीची नाही, ती कोणालाही जमते. पार बेसापर्यंत वाटून आले.

मला शिकवणारी मैत्रीण पुरातत्त्व शिकलेली. तिने पत्रक दोनदा वाचलं.

"दुसरी खाच एकदा तरी जमली का वं तुले?"

नव्हती जमली. टोकाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी खाच पाडतात, त्यात दोरा बसतो आणि टोक काडीवर घट्ट राहतं. माझी पहिली खाच छान पडायची. दुसरी पाडताना बूड टचकन तुटायचं.

तरी काय मजेचे दिवस होते ते! कामठीला जाऊन कन्हानच्या पात्रातून गारगोट्या आणल्या. मांडीवर पोतं घेऊन शेअर ऑटोत बसले, तर ऑटोवाल्याने विचारलं, नदी इथंच ठेवणार की घरी नेणार. गच्चीवर ताडपत्री अंथरून, डोळ्यांना गॉगल लावून आम्ही ठोकत बसायचो. घाव नेमका बसला की दगड काचेसारखा वाजतो आणि हातात कपची येते, ऊन आरपार दिसेल इतकी पातळ. पहिल्या कपचीने मी स्वयंपाकघरातले सगळे टमाटे चिरून टाकले. आईने वांग्यांची टोपली उचलून आतल्या खोलीत नेली.

मैत्रीण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. खाच पाडायला तांब्याच्या जाड तारेच्या टोकाने दाब देण्याआधी कड खरखरीत दगडावर घास. बोथट कड दाब सोसते, कोवळी धार नुसती चुरते. मला ते पटायचं, पण घासायला धीर नसायचा. धारेसाठी एवढा खटाटोप करायचा आणि तीच धार मारायची?

रविवारी बाबांच्या कुठल्याही सभेला जमली नसतील एवढी माणसं आली. पुढे सकाळच्या फिरण्याहून आलेले एक काका आणि काकू. टोक घडलं, पहिली खाच पडली, टाळ्या झाल्या. दुसरीला टचकन आवाज आला.

"पत्रकात तं दोन होत्या," काका म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. कान मात्र तापले होते. मैत्रिणीच्या पिशवीत तिने घडवलेलं टोक होतं. तिने भुवईनेच विचारलं, काढू का? मी मानेनेच नको म्हटलं. पत्रक खोटं ठरलं तर ठरो, तिचं काम माझं म्हणून दाखवणार नव्हते.

टोकाचा आकार दिलेला दुसरा तुकडा घेतला, पहिली खाच पाडली आणि या वेळी दुसरीआधी कड घासत बसले. मागची माणसं चहाच्या गोष्टी करू लागली.

"मंजन करून राहिली का गा हे?" काकांनी शेजाऱ्याला विचारलं.

घासलं. मग दाबलं, उलटवलं, पुन्हा घासलं, पुन्हा दाबलं. बारीक चुरा पडत गेला आणि खाच आत सरकत गेली. बूड शाबूत राहिलं. मी ओरडलेच. दोऱ्याने टोक काडीला बांधलं, काकांनी ओढून पाहिलं, हललं नाही.

पण काका वकिलीच्या सुरात म्हणाले, "तू तं शिकलेली आहे. कोणालेही जमते, असं लिहिलं ना?"

पत्रकातलं तेच वाक्य मला सगळ्यांत प्रिय होतं.

"सरका जी," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्म्यावर गॉगल चढवला आणि ताडपत्रीवर मांडी घातली. पहिला घाव वाया गेला. दगड थोडा कलता धरा, एवढंच मी सांगितलं. दुसऱ्या घावाला दगड वाजला आणि तळहाताएवढी कपची त्यांच्या पदरात पडली. ती उन्हाकडे धरून त्यांनी नीट न्याहाळली.

मागे रांग लागू लागली. काकू उठायचं नाव घेईनात. खांद्यावरची पिशवी त्यांनी काकांकडे दिली.

"हे धरा. आणि पोरी, मले जरा मोठा गोटा दे वं."