चंद्रावतीचं नाक

मोरजीहून आश्वेला जाणाऱ्या रस्त्यावर सिद्धेशचं दारूचं दुकान आहे. महागड्या स्कॉचच्या कपाटासमोर एखादं गिऱ्हाईक गोंधळून उभं राहिलं, की सिद्धेश आत हाक मारायचा, "गोकुळदासबाब, मातशे भायर येयात." मग पन्नाशीचा, बारीक मिशीचा एक माणूस हात पुसत यायचा आणि गिऱ्हाइकाला आधी एवढंच विचारायचा, "तुम्हाला धूर आवडतो का?"

त्या एका प्रश्नात निम्मी निवड होऊन जायची. धूर हवा असेल तर स्कॉटलंडच्या आयला बेटावरची बाटली, नको असेल तर तिथल्याच स्पेसाइड खोऱ्यातली. मग पिंपाची गोष्ट निघायची. बर्बन या अमेरिकन दारूच्या पिंपात मुरलेली व्हिस्की असेल तर गोकुळदास सांगायचा, "पातोळ्या उकडत ठेवल्यात आणि झाकण काढलं, की हळदीच्या पानाचा नि नारळाचा वास येतो ना, तसा." शेरी नावाच्या वाइनच्या पिंपातली असेल तर, "चवथीच्या नेवऱ्यांचा, करंज्यांचा डबा उघडल्यासारखं. मनुका, वेलची, थोडं तूप." आणि धुराची असेल तर, "ओली लाकडं चुलीत फुंकत बसलाय आणि शेजारी कुणीतरी जखमेला टिंक्चर लावतंय." बाटलीवरच्या वर्षांच्या आकड्याला भुलू नका, असंही तो बजावायचा. अठरा वर्षांची बारा वर्षांच्या बाटलीपेक्षा महाग असते, पण तुम्हाला ती जास्त आवडेलच असं नाही.

दिल्ली-बंगळुरूची माणसं ऐकतच राहायची. कुणी पातोळ्या म्हणजे काय ते विचारायचं, कुणी त्याचं बोलणं फोनवर टिपून घ्यायचं. मोरजीत एक मनुष्य आहे, त्याचं नाक म्हणजे नाक आहे, असं एकमेकांना सांगून लोक लांबून यायला लागले होते.

पण यातला एकही शब्द गोकुळदासचा नव्हता. ते सगळं त्याच्या बायकोचं, चंद्रावतीचं होतं.

डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक मोजायचं काम करण्यात गोकुळदासची वीस वर्षं गेली होती. खाणी बंद पडल्या आणि तो तुयें गावातल्या घरात बसून राहिला. पुढे ओळखीतून सिद्धेशच्या दुकानात काम मिळालं. पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने दोन बाटल्या पुढ्यात धरून विचारलं, ह्यात फरक काय? गोकुळदासला उत्तर देता आलं नाही आणि त्याची लाज वाटली. सिद्धेश चाखायला म्हणून काही बाटल्या उघड्या ठेवायचा. त्यातली थोडी थोडी दारू औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून गोकुळदासने घरी नेली, दोन ग्लासांत ओतली आणि हुंगत बसला. त्याला दोन्हीकडे नुसता दारूचाच वास येत होता.

चंद्रावती कोयती पुसत बाहेर आली. ग्लास उचलून तिने नाकाशी नेला, हलवला, बाजूला ठेवला, दुसरा उचलला.

"ह्याका समुद्राचो वास येता," ती म्हणाली. "आगरात मीठ काडतत ना, तसो. आणि ह्यो गोड. मध असा ह्येच्यात."

चंद्रावती इब्रामपूरची. तिच्या बापाची काजूची भट्टी होती. काजूची फळं, बोंडू, तुडवल्यापासून फेणी भांड्यात पडेपर्यंतचे सगळे वास तिने लहानपणापासून घेतले होते. बाप हुंगायला तिलाच बोलवायचा आणि ती म्हणेल तेव्हाच भट्टीचा जाळ काढायचा. दारूचा थेंब मात्र तिने आयुष्यात जिभेला लावला नव्हता.

त्या दिवसापासून दर रविवारी जेवण झालं की दोघं जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात बसायची. अरुंद तोंडाचे दोन ग्लास गोकुळदासने दुकानातूनच आणले. आधी तशीच हुंगायची, मग दोन थेंब पाणी घालून परत. ती बोलायची आणि तो पाठ करायचा. पाण्याने वास उघडतो हे तिनेच शोधून काढलं. सकाळी स्कूटरवरून मोरजीला जाताना तो तिची वाक्यं मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत घोळवत जायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण एवढ्या गप्पा त्यांनी आधी कधी मारल्या नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी मांद्र्याच्या एका हॉटेलाने सिद्धेशला विचारलं. तीस पाहुणे, सहा बाटल्या, आणि त्या समजावून सांगायला गोकुळदास. ही बातमी त्याने घरी येऊन सांगितली तेव्हा चंद्रावती लहान मुलीसारखी हसली. मग तिने आपल्यालाही नेणार का असं विचारलं, "माकाय व्हरशात?"

"तू थंय येवन काय करतलंय? सगळे इंग्लिश बोलतत."

"बरां," ती म्हणाली, आणि त्याचा शर्ट इस्त्री करायला घेतला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, हे सगळं शिकलात कुठे? गोकुळदास म्हणाला, "अनुभवाने." घरी परतताना त्याला ते उत्तर जरा टोचलं. पण पुढच्या वर्षी हॉटेलाने पुन्हा बोलावलं, तेव्हा तो एकटाच गेला आणि हेच उत्तर पुन्हा दिलं.

त्याच्याही पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये, नव्या बाटल्या आल्या होत्या. एकाच भट्टीच्या दोन, एक बर्बनच्या पिंपातली, एक शेरीच्या. अशी जोडी समजावून सांगायला सगळ्यात सोपी. रविवारी गोकुळदासने दोन्ही ग्लास तिच्यापुढे ठेवले. तिने बराच वेळ हुंगलं.

"दोनय सारकीच," ती म्हणाली.

"सारकी कशी? नीट बघ."

"बघलंय. काय येयना."

गोकुळदासला वाटलं, हॉटेलात नेत नाही म्हणून रुसली. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. "नाटकां करू नको चंद्रा," तो ओरडला. "इतक्या साध्या तुका कळना? नाय सांगूचा तर तसा म्हण."

तिने ग्लास खाली ठेवला आणि आत निघून गेली. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. कार्यक्रमात त्याने गेल्या वर्षीचीच वाक्यं उलटसुलट करून सांगितली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर रविवारचं बसणं बंद पडलं. आता आपल्याला जमतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पावसाळ्यात दोनदा दूध करपलं. तिचं डोकं दुखायचं, ती बाम लावून पडून राहायची. डाळीत मीठ दोनदा पडायला लागलं. गोकुळदास जेवायचा आणि उठायचा.

डिसेंबरात त्यांची मुलगी क्षमा आली. ती पर्वरीला नोकरीला होती. दार उघडताच घरभर गॅसचा वास कोंडलेला तिला जाणवला. आई शेगडीपासून दोन हातांवर बसून शांतपणे भाजी चिरत होती. क्षमाने धावत जाऊन बटण बंद केलं, जनेलं उघडली आणि आईला विचारलं, "तुका वास येयना?"

"खंयचो?" चंद्रावती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. कपाळाच्या मागे, नाकाच्या बरोबर वर, लिंबापेक्षा मोठी गाठ होती. "वास कधीपासून येत नाही?" त्यांनी विचारलं.

चंद्रावतीने गोकुळदासकडे पाहिलं. गोकुळदास म्हणाला, "एप्रिलपासून."

"अशा गाठीत कधीकधी तेच पहिलं लक्षण असतं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या तर महिनासुद्धा लक्षात आहे." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. गोकुळदासने मात्र मान वर न करता फोटो पाकिटात भरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दोघंच वॉर्डात होती. तिचे केस काढले होते. डोकं इतकं लहान दिसत होतं, की त्याला बघवेना. तो तिच्या पायाशी बसून म्हणाला, "तू सांगूक होया होता गो."

"सांगितलंय मां तुमका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिने त्याला विचारलं, क्षमा जेवली का.

ऑपरेशननंतर ती नीट शुद्धीवर आलीच नाही. नवव्या दिवशी सकाळी गेली.

तेरावं झाल्यावर तो कामावर परतला. पहिल्याच दिवशी एका तरुण जोडप्याने दोन बाटल्या त्याच्यापुढे धरल्या. गोकुळदासने तोंड उघडलं आणि बाटलीवरची अक्षरं वाचून दाखवली. बाकी काही त्याच्या ओठांवर येईना. पातोळ्या म्हटलं की तिचे पीठ लागलेले हात समोर यायचे. त्याने सिद्धेशला सांगून मागच्या गोदामातलं काम मागून घेतलं. तिथे पेट्या उचलायच्या असायच्या, बोलावं लागत नव्हतं.

एप्रिलात हॉटेलाचा फोन आला. सिद्धेश त्याला सूट देत म्हणाला, "नाका तर नाका, हांव तांकां सांगतां." गोकुळदास दिवसभर विचार करत राहिला आणि संध्याकाळी जायचं ठरवून म्हणाला, "वतलों."

कार्यक्रम पाच वाजता सुरू झाला. पहिली बाटली ओतून झाल्यावर तो उभा राहिला आणि त्याने इंग्रजी बाजूला ठेवलं. हिंदीत सांगितलं, की मला व्हिस्कीतलं काही कळत नाही. माझं नाक साधं आहे. इथे तीन वर्षं जे मी तुम्हाला ऐकवलं, ते माझ्या बायकोचं बोलणं होतं. तिचं नाव चंद्रावती. ती इब्रामपूरची. ती दारू पीत नव्हती. मग त्याने तिची वाक्यं एकेक करून सांगितली, मिठागरापासून टिंक्चरपर्यंत, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "ती म्हणायची" असं म्हटलं. अशा त्याने सहाही बाटल्या पुऱ्या केल्या.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पुढच्या टेबलावर पिकल्या केसांची एक बाई बसली होती. टाळ्या थांबल्यावर तिने विचारलं, "मग तुम्ही त्यांना कधी इथे घेऊन का नाही आलात?"

तिने प्रेमानेच विचारलं होतं. गोकुळदासने हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"न्याल का, असं तिने विचारलं होतं," तो म्हणाला, आणि वेटरला जागा करून देत दाराकडे निघाला. बाहेर अजून उजेड होता. किनाऱ्याकडे जाणारी माणसं हसत-बोलत त्याच्या बाजूने पुढे जात होती.