आईच्या झाडाची जांभळं

"औंदा आईच्या झाडाला जांभळं लागल्यात आक्का, ये की." धाकट्या भावाचा असा फोन आला आणि मी नेसरीहून मिळेल ती एसटी धरून माहेरी आले.

आमच्याकडं रक्षा नदीत सोडायची पद्धत मागं पडत चालली आहे. माणूस गेलं की खड्डा काढायचा, रक्षा त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. आईनं तर आधीच बजावलं होतं, "मला नदीत सोडू नगा. जलम माळावर शेण वेचण्यात गेला, तिथंच ठेवा." तेव्हा माळ म्हणजे नुसता मुरूम आणि कुसळं. आम्ही दोघांनी तिथं जांभळाचं रोप लावलं आणि भावानं उन्हाळ्यात खांद्यावरून घागरी नेऊन ते जगवलं. पुढं तिच्या शेजारी गावातली बाकीची माणसंही आली, कुणाचा बाप करंजाखाली, कुणाची सासू आवळ्याखाली. सगळ्यांनी मिळून तिथं गुरं सोडणं बंद केलं आणि बघता बघता माळाचं रान झालं.

आता त्या रानाचं निसर्ग उद्यान झालंय. तारेचं कुंपण, बांबूच्या खोल्या, दारात 'शाश्वत पर्यटन' असा हिरवा फलक. भाऊ आधी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. धुरानं छाती धरली, तशी ती नोकरी सोडून तो इथं पाहुण्यांना रान दाखवायला लागला. मला बरं वाटलं होतं. आपल्या झाडांपाशी आपलंच माणूस, आणखी काय पाहिजे?

दारात मला तिकीट काढायला लावलं. आईला भेटायला तिकीट, म्हणून मला हसूच आलं. भाऊ हिरव्या टोपीत, पुण्या-मुंबईचा घोळका घेऊन निघाला होता. त्यानं नजरेनंच मला मागून यायला सांगितलं.

जांभूळ केवढं वाढलं होतं! खाली सडा पडलेला. घोळक्यातली माणसं वेचून खात होती आणि एकमेकांना जांभळ्या जिभा दाखवत होती. मला ते आवडलं. आईला कुणी उपाशी गेलेलं चालायचं नाही. एका बाईनं विचारलं, "एवढं छान झाड कुणी लावलं हो?"

"कुणी न्हाय मॅडम," भाऊ म्हणाला. "पाखरानं बी टाकलं. आपसूक आलंय."

तो जराही अडखळला नाही. रोज सांगत असावा. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि घागरी? त्या बी पाखरानंच आणल्या व्हय?"

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. भावानं मान वर केली नाही. "पावणं, जरा सावलीला बसा," तो म्हणाला. "ऊन लागलंय तुमास्नी."

मी खरंच बसले. घोळका पुढं गेल्यावर तो मागं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आक्का, खरं सांगिटलं तर हितली जांभळं कोण खाईल? रक्षेचं नाव काढायचं न्हाय, अशी उद्यानवाल्यांची ताकीद हाय. फौंड्रीत परत जाऊ का मी?"

जाऊ नकोस, हे मलाही कळत होतं. त्याच्या पोटावर माझा राग नव्हता. पण ज्यानं खांद्यावरून घागरी वाहून आईला पाणी पाजलं, त्याच माणसानं चारचौघांत आईला पुसून टाकलं होतं आणि मला पावणं केलं होतं. असं तर सासरच्यांनीही मला कधी परकं केलं नव्हतं.

त्यानं खिशातून पानात बांधलेली जांभळं काढली. "तुझ्यासाठी राखून ठेवलीत. पयली तोडलेली."

"आईच्या झाडाची असती तर घेतली असती," मी म्हटलं.

तो पुडी तशीच धरून उभा राहिला. वळणावरून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं टोपी नीट केली आणि गेला.