बाबांची सासुरवाडी

आमच्या बाबांना हैदराबाद कधीच आवडलं नाही. निदान पन्नास वर्षं ते तसं सांगत आले. तिथलं ऊन, तिथलं तिखट, तिथल्या आमच्याच नातेवाइकांचं ‘हौ’ आणि ‘नक्को’, सगळ्याला त्यांनी यथासांग नावं ठेवली होती. त्यामुळे आई गेल्यावरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून कुठे जायचं हा विषय निघाला आणि माझी लेक मोबाइलवरून थंड हवेची ठिकाणं वाचून दाखवायला लागली, तेव्हा पेपरातून मान वर न काढता बाबा ‘हैदराबाद’ म्हणाले, यावर आमचा कुणाचा विश्वास बसेना.

“आजोबा, मे महिन्यात?” लेक किंचाळली.

“उन्हाळा सगळीकडे असतो,” बाबा म्हणाले आणि विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

तर बाबा, मी, नवरा आणि लेक असे आम्ही चौघं निघालो. सिकंदराबादेत एसीवालं हॉटेल घेतलं. बाबांची बॅग मी उघडली, तर कपड्यांच्या खाली एक मोठा स्टीलचा डबा निघाला, आईचं नाव कोरलेला आणि चक्क रिकामा. “हा कशाला आणलात?” तर म्हणे, “असू दे.” मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंदा अधिक महिना उन्हाळ्यातच आला होता. आईच्या माहेरी त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, आणि त्यात सासरच्या माणसांनी जावयाला बोलावून, दिवा लावून, तेहतीस अनारसे द्यायचे असतात. बाबा सहलीला आलेच नव्हते. ते सासुरवाडीला आले होते.

आता सासुरवाडी म्हणजे उरलं होतं काय? आजी-आजोबा केव्हाच गेले, मामा परदेशात. उरली एक मावशी, आईची धाकटी बहीण. तीही आता सत्तरीच्या पुढची. काका गेल्यापासून जामबागेतल्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. त्याच गल्लीत पूर्वी आजोळ होतं. मला ते धोंड्याचे महिने आठवतात. आजी तांदूळ भिजत घालायची, रोज पाणी बदलायची, मग ते सावलीत पसरायचे, कुटायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. तळायच्या दिवशी आई आणि मावशी कढईपाशी बसायच्या. एखादा अनारसा तुपात पसरून विरघळला की तो ‘हसला’ म्हणायचं, आणि असला हसलेला अनारसा आम्हा पोरांच्या वाट्याला यायचा. मी देवाकडे मागायची, सगळेच हसू देत. संध्याकाळी बाबा पाटावर बसायचे. आजी ओवाळायची. मावशी मागून म्हणायची, “दाजी, पुण्यात तूप मोजून घालतात म्हणं?” बाबा एक अनारसा खाऊन, जरा कडक झालाय, असा निकाल द्यायचे आणि ताट रिकामं करायचे. त्या दोघांचं भांडण मला फार आवडायचं. आई मधे बसून हसत असायची, कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही मावशीकडे गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मावशीनं चहा दिला, बिस्किटं दिली, मिरची भजी तळली. आईच्या आठवणी निघाल्या, दोघांचेही डोळे भरले. बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ताठ बसले होते. निघताना उठायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. आतून अनारसे काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोवळकोंड्याला गेलो. बाबा आले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले, आणि आम्ही परतलो तर स्वारी रिक्षा करून जामबागेत पोचलेली. तिसऱ्या दिवशी मावशीनं जेवायला बोलावलं. खट्टी दाळ, बगारं वांगं, सगळं झालं. पुन्हा तो शर्ट, पुन्हा ती खुर्ची. गोडाला जर्दाळूंचा ‘खुबानी का मीठा’ आला, तेव्हा बाबांनी वाटीकडे असं पाहिलं की मला हसू येईना आणि रडूही येईना.

मावशीला विचारावं तरी कसं? सुलतान बाजारात मी तिच्याबरोबर फिरत होते. ती दुकानदाराला “क्या तो बी भाव बोलते जी” म्हणून झापत होती, माझ्यासाठी साड्यांचे पदर तपासत होती, आणि माझ्या जिभेवर तो एकच प्रश्न होता. पण सासुरवाडीचा मान मागून घ्यायचा नसतो, तो मिळाला तर मिळतो. आई असती तर तिनं बहिणीला एका शब्दात विचारलं असतं. आई असती तर विचारायची वेळच आली नसती. भर बाजारात मला आईचा राग आला, गेल्याबद्दल.

शेवटच्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी निरोप घ्यायला गेलो. चहा झाला. मी उठले, नवरा उठला. बाबा उठेनात.

“माझे अनारसे कुठायत?” ते म्हणाले.

मावशीचा चेहरा उतरला. “ते काय घेऊन बसलात, दाजी. तिकडं ताई नाही, इकडं तुमचे साडू नाहीत. कुणी कुणाला द्यायचे?”

“याला मी दिले.” बाबांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. खरंच होतं ते. निघायच्या आदल्या आठवड्यात ते दुकानातून अनारसे घेऊन आले होते आणि स्वतःच निरांजन लावून नवऱ्यापुढे ठेवले होते. “हिची आई नाही म्हणून हा काय माझा जावई राहिला नाही? मग मी कसा नाही? एवढं सांग, मी आता या घरचा कोण?”

ऐंशी पार केलेल्या माणसाला असं विचारावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मावशी आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती आली ती ताट घेऊनच. “तुम्ही यायच्या आधीच केलेत. चार हसले, बाकीचे चांगले झालेत. रोज काढायचे, पुन्हा ठेवायचे. द्यायचा धीरच होईना बघा.”

तिनं निरांजन लावलं आणि माझ्या लेकीकडे दिलं. “तू ओवाळ गं. माझ्या हातानं नक्को.”

“कुणाच्या हातानं ते मी ठरवणार,” बाबा खेकसले. “सासुरवाडी माझी आहे. तूच ओवाळायचंस.”

मावशीनं ओवाळलं. काका गेल्यापासून तिनं कुणाला ओवाळलं नव्हतं. बाबा डोळे मिटून लहान मुलासारखे बसले होते. मग त्यांनी एक अनारसा उचलला, शांतपणे खाल्ला.

“जरा कडक झालाय,” ते म्हणाले.

“पुढच्या धोंड्याला मऊ करते. तीन वर्षांनी यायचं, दाजी. आत्ताच सांगून ठेवते.”

“येणार. मला कुणी आणलं नाही तरी येणार. तू करून ठेव.”

दोघांपैकी एकाच्याही आवाजात शंका नव्हती. ती फक्त मला होती, आणि कुणाला दिसू नये म्हणून मी चपला शोधायच्या निमित्तानं दाराबाहेर गेले.