कोरडे विंचरू नका

माझी थोरली बहीण सुजाता माझ्याशी शेवटचं बोलली ते केसांबद्दल. पुण्याच्या हॉस्पिटलात आत एका वेळी एकालाच सोडत होते आणि माझी पाळी आली होती. साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं, पेशी उतरत गेल्या आणि बघता बघता हाताबाहेर गेलं. नर्सने तिचे कुरळे केस रबर लावून आवळून बांधले होते. उशीवर घासून घासून मागे त्यांचा पार बुचका झाला होता. माझी नजर तिकडे गेलेली तिला कळली. "बघू नको तिकडं," ती म्हणाली. मग जरा दम घेऊन, "यशूचे केस कोरडे विंचरू नका रं आन्या... आईला सांग." यशू म्हणजे तिची लेक, चौथीत आहे. मी म्हटलं, "तूच ये घरी आणि सांग की." एवढ्यात वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत भागाकार शिकवत होतो, तेव्हा दाजींचा फोन आला. ताई गेली, एवढंच कळलं आणि फळ्यावरचा भागाकार तसाच टाकून मी निघालो.

आमच्या घरात कुरळे केस वडिलांकडून, आण्णांकडून आले. माझ्या वाट्याला आलेले तिशीतच सोडून गेले. त्यामुळे या विषयावर लिहायचा मला काडीचा अधिकार नाही, असं ताई असती तर म्हणाली असती. तिचे मात्र डोक्यात मावत नसत. लहानपणी एकदा ती महिनाभर तापाने पडून होती. उठली तेव्हा मानेपाशी केसांचा गठ्ठा झालेला. आमच्या भरे गावातली एक म्हातारी बघायला आली आणि म्हणाली, "जट आलीया पोरीला. देवीचं हाय, कात्री लावू नगा." बौद्धाच्या घरात हे बोलणं! आण्णा ताडकन उठले. "माझ्या लेकीच्या डोक्यात देवी-बिवी काय न्हाई. नुसता गुंता हाय," म्हणाले, आणि कात्री आणून त्यांनी तिथल्या तिथे मुळापासून सगळं साफ केलं. आण्णांचं काही चुकलं नव्हतं, आजही मी तसंच म्हणेन. पण ताई पडवीत बसून कापलेले केस परकरात गोळा करत रडत होती, ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. देवीचा प्रश्न सुटला, केसांचा तसाच राहिला. तेव्हापासून आमच्या घरात गुंता दिसला की कात्री, असा रिवाजच पडला.

पुढे केस वाढले तशी आईने खोबरेल चोपडून दोन वेण्या घालायला सुरुवात केली. इतक्या घट्ट की ताईच्या भुवया वर चढायच्या आणि ती दिवसभर दचकल्यासारखी दिसायची. शाळेत पोरं तिला शेवया म्हणायची. मग पिरंगुटला कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न ठरलं, आणि पार्लरमध्ये जाऊन तिने केस सरळ करून घेतले. घरी आली तेव्हा अंगाला जळकट वास. लग्नाच्या फोटोतली ताई मला अजून पटत नाही. कितीतरी वर्षं ती मूळ कुरळे दिसू लागले की पार्लर गाठायची. यशू जन्मली ती मात्र अस्सल आमच्या घराण्यातली, डोक्यावर नुसती कुरळ्यांची टोपी. बालवाडीत जायला लागल्यावर एक दिवस पोरगी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आई, माझे पण तुझ्यासारखे चांगले कर ना." ताईने मला हे सांगितलं. ती पुन्हा पार्लरला गेली नाही.

मग दीडएक वर्ष तिचं ध्यान बघण्यासारखं होतं. वर कुरळे, खाली सरळ! कंपनीत कुणीतरी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" तर म्हणे, "उलट आत्ता कुठं बरं वाटाया लागलंय." मोबाइलवर बघून बघून ती शिकत गेली. जवस पाण्यात उकळायचा, चिकट झाला की फडक्यातून गाळायचा, आणि तो बुळबुळीत रस ओल्या केसांत बोटांनी चोळायचा. फणी कोरड्या केसांना लावायचीच नाही. टॉवेल बंद, दाजींचा जुना बनियन चालू. ताई-दाजी आमच्याच घरामागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि फ्रीज दोन्ही घरांत एकच. उरलेला रस ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायची. एकदा रिहे गावाहून पाहुणे आले आणि आईने तेच खडे लिंबाच्या सरबतात घातले. पाहुणे म्हणाले, "सबजा घातलाय व्हय? लई गार वाटलं बगा." ताई स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होती. दर रविवारी पडवीत प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर पाठमोरी यशू आणि मागे ताई. दोघींचं काय काय बोलणं चालायचं! मी पेपर वाचत तिथेच असायचो. तिच्या हातांकडे जरा बघून ठेवलं असतं, पण असलं कोण बघून ठेवतं?

ती गेल्यावर यशूने डोक्याला कुणाला हात लावू दिला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या नावाने वंदना घ्यायला, घर बायकांनी भरलं होतं. एका काकूने मायेनेच तिला जवळ ओढलं, आणि मानेपाशी सुपारीएवढा गुंता तिच्या बोटांना लागला. "जट न्हवं ना ही?" असं कुणीतरी हळूच पुटपुटलंच. ते ऐकून आई उठली आणि कात्री घेऊन आली. यशू माझ्या पाठीमागे लपली. "मामा, नको ना..." मी कात्री काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, मी सोडवतो. चौथीच्या वर्गासमोर बोलावं तसं ठणकावून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जवस उकळला. किती वेळ उकळायचा, कुणाला माहीत? आधी नुसतं पाणी राहिलं, मग एकदम खळ. गरम असतानाच गाळायचं असतं हे मला गार झाल्यावर कळलं. पातेलं उपडं केलं तरी ते पडेना. पुन्हा केला, पुन्हा तेच. दाजी दारात उभे राहून बघत होते. "राहू द्या मास्तर," एवढंच म्हणाले आणि कामाच्या पाळीला निघून गेले. फ्रीजमध्ये ताईचा ट्रे होता, अर्धा भरलेला. पण त्याला हात लावायची यशूची परवानगी नव्हती. ती रोज दार उघडून बघायची आणि बंद करायची.

आणि मग भऱ्यातली वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला, माणूस येईल, आज येईल, उद्या येईल... मी फोन करकरून थकलो. फ्रीजखाली पाणी साचलं. खडे पाघळायला लागले होते. यशूनेच ट्रे उचलला, दुसऱ्या हाताने स्टूल ओढत पडवीत आणलं आणि पाठमोरी बसली. "आई खालून सुरू करायची," म्हणाली. मी तिचे केस ओले केले आणि टोकापासून बोटं घालत वर गेलो. तो गार, बुळबुळीत रस... ताईनेच उकळलेला, ताईनेच गाळलेला. ऊन अंगणाबाहेर गेलं तेव्हा कुठे तो गुंता सुटला. एक केस कापावा लागला नाही. वाळल्यावर यशूच्या डोक्यावर अशी काही वलयं आली की आईने कडाकडा बोटं मोडली आणि आत जाऊन रडली.

मला वाटलं, जिंकलो. पुढच्या रविवारी मी बादलीत पाणी काढलं, तर यशू म्हणाली, "नाही धुवायचे. आईचं लावलंय ना, ते जाईल." मी समजावलं, दाजींनी समजावलं, आई रागावलीसुद्धा. पण पोरगी ढिम्म. जबरदस्ती करायला हात धजत नाही.

आता बरेच रविवार झाले. ट्रे रिकामाच आहे, आई त्यात साधं पाणीही भरत नाही. यशू मात्र न चुकता स्टूल आणते आणि पाठमोरी बसते. "मामा, पाणी नको. नुसता हात फिरव." मी खालून वर बोटं फिरवतो. मानेपाशी, त्याच जागी, बोटं पुन्हा अडकायला लागली आहेत. ते मी अजून आईला सांगितलेलं नाही. यशूलाही नाही.